गाडी पलट गया

फौजेच्या कागदांशी चाललेल्या आमच्या भांडणाची सुरुवात एमआरआयच्या फॉर्मवरून झाली, युद्धाबिद्धावरून नाही. 2019 च्या पावसाळ्यात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, डावा गुडघा असा धरला की ओटा उतरायलासुद्धा कुणाचातरी खांदा लागायचा, म्हणून त्यांना गावाहून सातारला आणलं आणि डॉक्टरांनी एमआरआय करून या सांगितलं. मशीनमध्ये घ्यायच्या आधी तिथे एक फॉर्म भरून घेतात, पेसमेकर आहे का, रॉड-स्क्रू आहेत का, अंगात कुठे धातूचा तुकडा आहे का. मी आपली सगळ्याला नाही, नाही, नाही अशा खुणा करत चाललेले, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "थांब, तुकडा आहे की." म्हटलं कसला तुकडा? "पोटरीत आहे. पाकिस्तानी आहे." तिथला टेक्निशियन पोरगा हसायला लागला, त्याला वाटलं आजोबा चेष्टा करतायत. मग खात्रीला म्हणून साधा एक्स-रे काढला आणि पोरगा हसायचा थांबला. हाडाच्या मागे तुरीच्या डाळीएवढा पांढराशुभ्र ठिपका, एका बाजूने टोकदार. एमआरआय तिथेच कॅन्सल, त्या मशीनच्या लोहचुंबकाने तुकडा आतल्या आत हलला तर काय घ्या.

मी चाळिशी ओलांडलेली बाई, शाळेत मास्तरीण, आणि मला बापाच्या पायात काय आहे ते माहीत नव्हतं. वण माहीत होता. लहानपणी त्यावर बोट फिरवून विचारायचे तर एकच उत्तर, गाडीवरून पडलो. कुठल्या गाडीवरून ते कधी सांगितलं नाही आणि आपणही कुठे विचारतो.

अण्णा 1967 ला फौजेत ड्रायव्हर म्हणून भरती झाले आणि 1984 ला हवालदार होऊन पेन्शनीवर आले. युनिट कुठलं, जवानांचे कागद सांभाळणारं रेकॉर्ड ऑफिस कुठलं हे मी लिहिणार नाही, कारण तिथे त्रास देणारेही भेटले आणि शेवटी काम करून देणारेही तिथलेच, उगाच कुणाच्या नावाने खडे फोडायचे नाहीत. एवढं सगळं लिहितेय ते ओळखीतल्या दोघा-तिघा माजी सैनिकांच्या पोरांनी विचारलं म्हणून, कसं केलं, कागद कुठले लावले वगैरे.

तर त्या दिवशी घरी आल्यावर आईने माळ्यावरची काळी ट्रंक काढायला लावली. खताच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक, सोबत मेडलं. 'पूर्वी स्टार' (पूर्व आघाडीवरच्या लढाईचं), संग्राम मेडल आणि 1972 चं स्वातंत्र्याच्या 25 वर्षांचं. ही तिन्ही बुकात नोंदलेली. जखमेचा मात्र कुठे म्हणजे कुठे उल्लेख नाही. माझ्या मिस्टरांचे एक मामा सुभेदार मेजर म्हणून रिटायर झालेत, त्यांना फोन केला तर ते म्हणाले, अगं मग वूंड मेडल पाहिजे होतं त्यांना, शत्रूच्या माऱ्यात जखमी झालेल्याला मिळतं ते. आता त्याला पराक्रम पदक म्हणतात.

इथे एक गोष्ट मामांमुळेच कळली जी मला तरी भारी वाटली. हे मेडल 1971 साली नव्हतंच. ते सुरू झालं 1973 ला, आणि लागू केलं मागे 15 ऑगस्ट 1947 पासून. म्हणजे 1971 ला ज्याला लागलं त्याचं नाव नंतर मागचे कागद काढून कुणीतरी पाठवायला पाहिजे. ज्याच्या कागदावर बॅटल कॅज्युअल्टी (लढाईत जखमी किंवा मेलेला) लिहिलंय त्याचं सोपं. अण्णांची तोवर दुसरीकडे पोस्टिंग झालेली, ते स्वतः बोलणारे नाहीत, आणि कागदावर काय लिहिलंय ते कुणी बघितलेलं नाही.

मी भाबडेपणाने एक साधा अर्ज लिहिला, डिस्चार्ज बुकची झेरॉक्स, एक्स-रे जोडला, रेकॉर्ड ऑफिसला रजिस्टर पोस्टाने पाठवला. अण्णांनी सही केली पण तोंड वाकडं करून. "कशाला उकरून काढतीस, मेलेली मढी." मला वाटलं म्हातारपणाचा चिडचिडेपणा. तीन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं की उपलब्ध रेकॉर्डनुसार सदर व्यक्तीस युद्धात जखम झाल्याची नोंद नाही. झालं. गावात तोवर बातमी पसरलेली, पारावर एकच प्रश्न, किती मिळणार? अर्जात पैशाचा शब्द नाही म्हणून सांगितलं तर लोकांना पटेना, फुकट कोण एवढं पळतं.

"उपलब्ध रेकॉर्डनुसार" म्हणजे काय ते तरी बघू म्हणून 2020 च्या जानेवारीत आरटीआय टाकला, 10 रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून, अण्णांच्याच नावाने. माझा शीट रोल (नोकरीच्या नोंदींचा कागद), मेडिकलचे सगळे कागद आणि 1971-72 मधल्या माझ्या सगळ्या पार्ट टू ऑर्डरच्या प्रती द्या. (पार्ट टू ऑर्डर म्हणजे फौजेत माणसाच्या बाबतीत जे काही घडतं, रजा, लग्न, पोरं, बदली, जखम, ते सगळं ज्यात छापून निघतं ती. तिथे निघालं नाही तर घडलंच नाही असं समजा.) नियमाने 30 दिवसांत उत्तर पाहिजे, पण मार्चमध्ये लॉकडाऊन लागलं आणि पाकीट आलं ते सप्टेंबरात. एक नशीब म्हणजे अण्णा पेन्शनर. ज्यांना पेन्शन नाही त्यांचे कागद 25 वर्षांनी नष्ट करतात, फक्त लाँग रोलमधली, म्हणजे कायम ठेवायच्या नोंदवहीतली, एक ओळ उरते, मग काय भांडणार डोंबल.

पाकिटात एकवीस पानं. फोटोकॉपीची फोटोकॉपी, निम्मं काळंकुट्ट. रात्री जेवणं झाल्यावर टॉर्च मारून मोबाईलने फोटो काढून मोठं करून एकेक ओळ वाचली. बाराव्या पानावर टाइप केलेलं सापडलं, डिसेंबर 1971, डाव्या पायाला जखम, पुढे कारण, व्हेईकल ॲक्सिडेंट. आणि वर्गवारी फिजिकल कॅज्युअल्टी. म्हणजे युद्ध चालू असताना, युद्धाच्या मैदानात, माणूस नुसता गाडीच्या अपघातात पडला असं. मी ते अण्णांना वाचून दाखवलं, म्हटलं बघा कसं लिहून ठेवलंय मेल्यांनी.

अण्णा म्हणाले, "त्यांनी न्हाय. मीच सांगितलं तसं."

मग त्या रात्री जे बोलले ते पन्नास वर्षांत आईलाही सांगितलं नव्हतं. मेघालयातल्या तुऱ्याहून महेंद्रगंज, तिथून बॉर्डर ओलांडून तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात कमालपूर, बक्षीगंज, शेरपूर आणि मग ब्रह्मपुत्रा, नदीपलीकडे जमालपूर, असा तो रस्ता. रस्ता म्हणायचा फक्त. कमालपूरची चौकी 4 डिसेंबरला पडली आणि मग गाड्या पुढे सुटल्या. त्याच भागात तिथल्या आपल्या फौजेचे प्रमुख खुद्द मेजर जनरल गुरबक्ष सिंग गिल यांची जीप सुरुंगावर जाऊन ते जखमी झाले आणि त्यांच्या जागी जनरल नागरा आले, ही बातमी ड्रायव्हर लोकांत लगेच पसरली होती, त्यामुळे सगळे पुढच्या गाडीच्या चाकोरीत चाक घालून चालवायचे, चाकोरी सोडायची नाही. 8 तारखेला अण्णांनी नदीच्या अलीकडे दारूगोळा उतरवला आणि रिकामा शक्तिमान ट्रक घेऊन माघारी फिरले. पलीकडून मॉर्टर चालू होते. गोळा गाडीच्या डाव्या अंगाला पडला. डावीकडे को-ड्रायव्हर बसलेला, तोही सातारा जिल्ह्यातलाच, शेजारच्या तालुक्यातला. गाडी बांधावरून खाली उलटली. तो जागेवर गेला. अण्णांना बाहेर ओढून काढलं ते कळलंच नाही, शुद्ध आली तेव्हा मागे ड्रेसिंग स्टेशनला होते, ताप चढलेला, आणि एक क्लार्क कागद घेऊन उभा, क्या हुआ था? अण्णांचं हिंदी तेव्हा कसलं, चार वर्षांचं. म्हणाले, गाडी पलट गया. त्याने लिहून घेतलं आणि पुढच्या स्ट्रेचरकडे गेला. कशामुळे पलटली हे त्याने विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. जमालपूर 11 ला पडलं, 1 मराठा आणि 13 गार्ड्स या आपल्या पलटणी नदी ओलांडून शत्रूच्या मागे जाऊन बसलेल्या, ते सगळं अण्णांना गुवाहाटीला हॉस्पिटलात पडल्या पडल्या कळलं.

म्हटलं मग नंतर तरी सांगायचं. तर गप्प. आई म्हणाली झोपू दे आता त्यांना.

पुढचं वर्ष असंच गेलं, कोविड, शाळा ऑनलाइन, दोन मयती. मधल्या काळात एका वकिलांना भेटले, ते आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलच्या (फौजेतल्या लोकांचं कोर्ट म्हणा) केसेस बघतात, मुंबईत बेंच आहे त्याचं. ते म्हणाले एकदम तिकडे जाऊ नका, आधी खात्याकडे नीट रिप्रेझेंटेशन, म्हणजे लेखी मागणी, करा, ते केल्याशिवाय ट्रायब्युनल सहसा घेतच नाही. आणि त्यांनी एक मुद्दा नीट समजावला जो मी सगळ्यांना सांगते. बॅटल कॅज्युअल्टी ठरायला काही वेळा युद्धक्षेत्रात कारवाईत झालेला अपघातही चालतो, आर्मी ऑर्डर 1/2003 मध्ये त्याच्या कॅटेगऱ्या आहेत, पण या मेडलला शत्रूची थेट कारवाई सिद्ध करावी लागते. म्हणजे "अपघात होता पण युद्धात होता" एवढ्यावर भागत नाही, गोळा पडला याचा पुरावा आणा. आणि तुकडा? तुकडा कुणाचाही असू शकतो असं म्हणतील, म्हणाले.

पुरावा सरळ होता. त्याच गाडीत, त्याच मिनिटाला दुसरा माणूस मेला. त्याच्या कागदावर काय लिहिलंय? ते मिळालं की संपलं. आरटीआय टाकला तर नकार, त्रयस्थ व्यक्तीची माहिती आहे म्हणून. मग उरलं एकच, त्यांच्या घरी जायचं. मी पत्ता काढला, सातारच्या सैनिक कल्याण कार्यालयातल्या बाईंनी थेट नाही दिला पण त्या घरी फोन करून विचारलं आणि त्यांनी या म्हणून सांगितलं. दिवाळीनंतर, 2021 च्या नोव्हेंबरात ठरलं. अण्णा येईनात. गुडघा दुखतोय, थंडी आहे, तूच जाऊन ये. मी म्हटलं सहीचा प्रश्न आहे (नव्हता), तेव्हा कुठे पांढरी टोपी घालून गाडीत बसले. अख्ख्या रस्त्यात एक अक्षर नाही, फक्त माझ्या मिस्टरांना दोनदा म्हणाले, हळू चालीव.

काकू, म्हणजे त्या को-ड्रायव्हरची बायको, पंच्याहत्तरीच्या असतील. घर साधं, आरसीसी, भिंतीवर युनिफॉर्ममधला फोटो, त्यात ते पंचविशीचे आणि काकू समोर म्हाताऱ्या, ते बघवत नव्हतं मला. पुतण्या घर बघतो. पोर झालंच नव्हतं, लग्नाला दीड वर्ष. मी सगळं सांगत होते, अर्ज, आरटीआय, कलम, त्या ऐकत होत्या पण बघत होत्या अण्णांकडे. मध्येच म्हणाल्या, "तुमी सोबत हुता?"

"व्हय."

"गाडी कोन चालवत हुतं?"

अण्णा म्हणाले, "मी."

मी आयुष्यात एवढी शांतता ऐकलेली नाही. पंखासुद्धा बंद होता. मला तेव्हा कळलं की हा माणूस पन्नास वर्षं अपघात, अपघात का म्हणत होता, त्याच्या डोक्यात ती गाडी त्यानेच पलटी केली होती, गोळा नंतरचा. काकू उठल्या, आत गेल्या. मला वाटलं आता निघावं. पुतण्यासुद्धा खाली मान घालून. पाचेक मिनिटांनी त्या बाहेर आल्या ते हातात पत्र्याचा बिस्किटाचा डबा घेऊन, आणि आत पुतण्याच्या बायकोला ओरडून म्हणाल्या, च्या टाक गं, साखर बगून, भाऊंना डायबिटीस आसंल. डबा अण्णांच्या पुढ्यात ठेवला. "मला वाचता येत न्हाय. तुमीच बगा काय पायजे ते."

डब्यात तार होती, पोस्टाची, घडीवर फाटलेली, मागून कुणीतरी पारदर्शक टेप लावलेली, टेप पिवळी पडलेली. कमांडिंग ऑफिसरचं पत्र होतं इंग्रजीत. आणि पेन्शनच्या कागदांत ती ओळ, मृत्यू 8 डिसेंबर 1971, शत्रूच्या मॉर्टर माऱ्यात, बॅटल कॅज्युअल्टी. पत्रात तर अजून स्पष्ट, की ज्या वाहनात ते होते त्याजवळ गोळा पडल्याने वाहन उलटले. म्हणजे युनिटला माहीत होतं. एका कागदावर गोळा पडला आणि गाडी उलटली, दुसऱ्या कागदावर नुसती गाडी उलटली. अण्णांनी ते पत्र माझ्याकडून मराठीत करून घेतलं, एकदा स्वतःला आणि एकदा काकूंना, कारण त्यांनाही कुणी ते नीट वाचून दाखवलं नव्हतं. पुतण्याने गावातल्या झेरॉक्सवाल्याला दुकान उघडायला लावलं.

त्यानंतर अण्णा बदलले म्हणू का, माहीत नाही, पण अर्जाचं काम त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं हे खरं. त्यांचे तेव्हाचे प्लाटून ऑफिसर, कॅप्टन म्हणून सुटलेले, डेहराडूनला असतात, त्यांचा नंबर जुन्या लोकांतून फिरत फिरत मिळाला. फोन स्पीकरवर होता. "अरे वो सातारावाला? जिंदा है तू?" एवढंच म्हणाले आणि दोघंही रडले, मग दहा दिवसांत त्यांचं शाईच्या पेनने लिहिलेलं दीड पानी पत्र आलं, वयामुळे अक्षर हललेलं पण तारीख, जागा, गाडी सगळं अचूक. ईसीएचएसमधून (माजी सैनिकांची दवाखान्याची योजना) रेफर करून मिलिटरी हॉस्पिटलच्या रेडिओलॉजिस्टचा लेखी रिपोर्ट घेतला, डाव्या पोटरीत धातूचा तुकडा, जुना. वकील म्हणाले डावी बाजू हे लिहा, ड्रायव्हर उजवीकडे बसतो, गोळा डावीकडून आला, तुकडा डाव्या पायात, सगळं जुळतं. अण्णांचं प्रतिज्ञापत्र शंभराच्या स्टॅम्पवर. त्यात एक वाक्य त्यांनी माझ्याशी भांडून घातलं, की चुकीची माहिती मीच दिली होती, लिहिणाऱ्याचा दोष नाही. वकिलांना ते नको होतं, केस कमजोर होते म्हणे. अण्णा म्हणाले मग सही करत न्हाय.

फेब्रुवारी 2022 ला गठ्ठा गेला. जुलैत प्रश्न आला की मूळ पत्र पाठवा, झेरॉक्स चालत नाही. मूळ पत्र काकूंचं, ते पोस्टाने पाठवायला माझा जीव होईना, त्यांचा त्याहून नाही. शेवटी अण्णा, पुतण्या आणि मी असे रेल्वेने रेकॉर्ड ऑफिसला गेलो, तिथल्या नाईक हुद्द्याच्या एका पोरासमोर मूळ दाखवलं, त्याने झेरॉक्सवर मूळ पाहिले म्हणून शिक्का घेऊन दिला साहेबाचा. त्या पोराचं वय अण्णांच्या तेव्हाच्या वयाएवढं असेल. त्यानेच हळूच सांगितलं की आधीचा अर्ज मेडल मागणारा होता म्हणून परत आला, मेडल मागू नका, आधी नोंद दुरुस्त करा म्हणा, नोंद बदलली की मेडल तिच्या मागून येतं. तीन वर्षं होत आली आणि ही एवढी अक्कल त्या पोराने काउंटरवर फुकट दिली. नवीन अर्ज तिथेच बाकावर बसून लिहिला.

2023 च्या जानेवारी अखेरीस पत्र आलं. सोबत नवीन पार्ट टू ऑर्डरची प्रत. 1971 ची अमुक नोंद रद्द समजावी, त्याऐवजी शत्रूच्या मॉर्टर माऱ्यात स्प्लिंटरची जखम, डावी पोटरी, बॅटल कॅज्युअल्टी अशी वाचावी. रद्द समजावी हे मी तीनदा वाचून दाखवलं. पदकाचा प्रस्ताव पुढे पाठवत आहोत असं शेवटी. गावाचं नाव मात्र चुकलंय, आमच्या गावाऐवजी भलतंच काहीतरी झालंय स्पेलिंगमध्ये. मी म्हटलं आता अजून एक अर्ज, तर अण्णा म्हणाले राहू दे, पोस्टमन वळखतो.

मेडल अजून आलेलं नाही. मी महिन्या-दोन महिन्याला फोन करते, ते प्रोसेसमध्ये आहे म्हणतात.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा घरात दिसेनात. काठी नाही, टोपी नाही, आणि टेबलावरची झेरॉक्स नाही. फोन नेहमीसारखा उशाखाली. आई म्हणाली साडेसातच्या एसटीला गेलेत, तुला सांगू नको म्हणाले. संध्याकाळी दिवे लागायला परत आले, पिशवीत हुरडा, दोन-तीन किलो तरी असेल. म्हटलं काय म्हणाल्या काकू? चप्पल काढता काढता म्हणाले, "गरम करून खा म्हणाल्या, गार झाला की मजा जाती."